नाजूक फळांची बांधणी

फळ झाडावरून तोडिलें तरी त्याचा श्वासोच्छ्वास चालूंच असतो. उष्णता जितकी अधिक, तितका तो वेगानें चालतो व फळ लौकर नासतें. वणी भागांत जांभूळ पिकतें तें ज्येष्ठाच्या उकाड्यांत. खोल पाटींत भरलेला माल बाजार गांठीपर्यंत तळाशीं चेंदून जातो आणि झाडाचें उत्पन्न वाटेंतच बुडतें.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें फळहि असेंच नाजूक. तें पाव किलोच्या आसपास मावेल अशा उथळ, सच्छिद्र डबींत भरतात. त्यामुळें ओझें पडत नाहीं व कोंदटपणा राहत नाहीं. परंतु नुसत्या डबीनें भागत नाहीं. शून्य अंशाजवळ हें फळ सुमारें आठवडाभर टिकतें; उष्ण हवेंत एकदोन दिवसच. म्हणून आधीं गारवा, मग आवरण, हा क्रम होय. गरम फळ बंद पिशवींत कोंडल्यास आंत पाणी सुटून बुरशी धरते.

आमच्या शेतकरी बंधूंनीं जांभूळ पहाटे काढावें, फुटकें वेगळें करावें, धुऊं नये, सावलींत निवूं द्यावें आणि उथळ करंडींत दोनतीन थरच भरावे. यास खर्च फारसा नाहीं. प्रथम एका करंडीवर अनुभव घेऊन पाहण्यास हरकत नसावी.