अंगावर, पायांत, डोक्यावर : जपानीतला पेहराव

साडी, चपला, टोपी, चष्मा, अंगठी, एवढेच काय पण अत्तरसुद्धा, या सगळ्यांना इंग्रजीत ‘वेअर’ हे एकच क्रियापद पुरते. जपानीत त्याला एक प्रतिशब्द सापडत नाही. वस्तू शरीराच्या कोणत्या भागावर आणि कशी बसते, यावर तिथले क्रियापद ठरते.

मराठीची रीतही याच्या जवळची आहे. भोर-वेल्ह्याच्या मावळात भातलावणी चालू असताना खाचरात वाकलेली बाई लुगडे नेसलेली असते, हातांत बांगड्या भरलेल्या असतात, डोक्यावरून पाठीवर इरले घेतलेले असते. गड्याने मुंडासे बांधलेले असते. डोंगरावरच्या धनगराने घोंगडी पांघरलेली असते. एवढी क्रियापदे रोज तोंडात असणाऱ्याने जपानी शिकताना इंग्रजीचा वळसा घेऊ नये. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांच्या हाती मात्र पुष्कळदा इंग्रजी अर्थ दिलेली पुस्तके असतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

जपानीत अंगात घालायच्या किंवा सगळ्या अंगाला वेढणाऱ्या कपड्यांना ‘किरु’ लागते : सदरा, किमोनो, साडी. कमरेखाली जे चढते त्याला ‘हाकु’ : विजार, मोजे, चपला, बूट. डोक्यावर जे येते त्याला ‘काबुरु’. हे क्रियापद टोपीपुरते नाही. डोक्यावरून पांघरूण ओढून घेणेही ‘काबुरु’च. जपानी शेतकरी पूर्वी पावसात गवती ‘मिनो’ पाठीवर आणि ‘कासा’ ही रुंद टोपी डोक्यावर घेऊन लावणी करीत. त्यातला मिनो ‘किरु’चा, कासा ‘काबुरु’ची. इरले ही दोन्ही कामे एकटेच करते. चष्म्याला ‘काकेरु’, म्हणजे अडकवणे. अंगठी व हातमोज्यांना ‘हामेरु’. टायला ‘शिमेरु’, म्हणजे आवळणे. गळपट्ट्याला ‘माकु’, म्हणजे गुंडाळणे. अत्तराला ‘त्सुकेरु’, म्हणजे लावणे.

मराठी माणूस अडतो तो काळापाशी. ‘ती साडी नेसली आहे’ यात मराठीचे रूप झालेल्या क्रियेचे असते, म्हणून नवशिका ‘किमाशिता’ म्हणून मोकळा होतो. त्याचा अर्थ नेसण्याची क्रिया झाली, एवढाच. साडी आत्ता अंगावर आहे हे सांगायला ‘कितेइमासु’ म्हणावे लागते. ‘चष्मा लावला आहे’ हेही तसेच ‘काकेतेइमासु’.

दुसरी अडचण उतरवण्याची. अंगावर चढवताना इतका चोखंदळ असलेला मराठी माणूस काढताना मात्र सदरा, चपला, टोपी, चष्मा, अंगठी सगळे ‘काढतो’. जपानी इथेही भेद करते. कपडे, पादत्राणे आणि टोपी यांना ‘नुगु’. चष्मा, अंगठी, घड्याळ यांना ‘हाझुसु’. हा भेद मराठीच्या आधाराने सुचत नाही, पाठच करावा लागतो.

‘वेअर’चे बाकीचे अर्थ पेहरावापासून दूर जातात, आणि तिथे पुन्हा मराठीच वाट दाखवते. इंग्रजीत दाढीलाही ‘वेअर’ चालते. मराठीत ती राखतात, जपानीत ‘हायासु’, म्हणजे वाढवतात. बुटाची टाच मराठीत झिजते, जपानीत ‘सुरिहेरु’, म्हणजे घासून कमी होते. औषधाचा असर मराठीत उतरतो. जपानीत औषधच ‘किरेरु’, म्हणजे संपते.