दात मोजता मोजता गणित

मराठीत दातांच्या संपूर्ण संचास ‘बत्तीशी’ म्हणतात. संख्या शब्दातच दडलेली आहे. परंतु पहिली-दुसरीतील बालकाच्या मुखात बत्तीस दात नसतात. आखाडा बाळापूर व परिसरातील शाळांत दंततपासणीस जाताना आम्ही मुलांना प्रथम हेच विचारतो : तुझी बत्तीशी कितीची? हात स्वच्छ धुऊन, लहानसा आरसा घेऊन उत्तर ज्याचे त्याने शोधावयाचे असते. तपासणीच्या खर्चात आरसे व कागद कशासाठी, अशी पृच्छा देणगीदारांकडून होणे स्वाभाविक आहे. म्हणून हे निवेदन.

कागदावर दोन कमानी काढलेल्या असतात. दिसेल त्या दातासाठी ठिपका, पडलेल्यासाठी फुली. (आरशात डावे-उजवे उलटते, हा शोधही मुलांना येथेच लागतो व त्यावर बराच वाद होतो.) दुधाचे दात 20. मुखाच्या प्रत्येक चतुर्थांशात दोन पटाशीचे, एक सुळा व दोन दाढा, म्हणजे 5. आणि पाच चोक वीस. पाढा असा स्वतःच्या जबड्यात सापडला की तो पाठ करवून घ्यावा लागत नाही. 20 पैकी 3 पडले, 2 नवे आले, तर 19. बोरूबहाद्दर उदाहरणांतील आंब्यांपेक्षा ही वजाबाकी मुलांना अधिक खरी वाटते.

भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या कार्यात तिचा पाया आहे.

खरी कसोटी पुढे आहे. एखाद्या मुलीचा एकही दात पडलेला नसतो, तरी तिची मोजणी 22 येते. सवंगडी म्हणतात, चुकली. ती पुन्हा मोजते, पुन्हा 22. मग हे दोन आले कोठून?

त्या असतात कायमच्या पहिल्या दाढा. साधारण सहाव्या वर्षी त्या दुधाच्या दाढांमागे उगवतात. त्यांच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात त्यांची वार्ताच नसते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ या समजुतीने त्यांची कीड दुर्लक्षित राहते आणि अशी दाढ गमावल्यास तिच्या जागी दुसरी येत नाही. जी गोष्ट व्याख्यानाने पालकांच्या गळी उतरत नाही, ती मुलाने घरी नेलेल्या ठिपक्यांच्या कागदाने उतरते, असे आमचे मत आहे.

वर्गाच्या तक्त्यावर केवळ पडलेल्या व नव्या दातांची संख्या मांडली जाते. किडलेल्या दातांची नोंद भिंतीवर लावू नये, याविषयी आम्ही आग्रही आहोत. ती पालकांनाच स्वतंत्रपणे सांगितली जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत 2013 पासून शासकीय पथकेही मुलांचे दात तपासतात. आमचे कार्य त्यास पूरक आहे.

पालकांनी घरी इतकेच करावे : समोरच्या मध्यरेषेपासून एका बाजूस मागे मोजत जावे, पडलेल्या दाताची रिकामी जागाही धरावी. सहावा दात आढळला तर ती कायमची दाढ होय. तिच्यावर काळसर ठिपका वा खळगा दिसल्यास, दुखण्याची वाट न पाहता मुलास दंतवैद्यांकडे आणावे.