हॅकेथॉन
संगणक वा भ्रमणध्वनी यांसाठी आज्ञावली (अ‍ॅप) रचणाऱ्यांनी एकत्र येऊन ठराविक मुदतीत तिचा चालता नमुना सिद्ध करण्याचा मेळावा. ही संज्ञा १९९९ मध्ये प्रचारात आली. भारतात केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय व अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी २०१७ मध्ये ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ ही स्पर्धा सुरू केली. तीत शासकीय खात्यांनी मांडलेल्या समस्यांवर ६ विद्यार्थ्यांचा संघ सलग ३६ तास काम करतो. संघात किमान एक विद्यार्थिनी आवश्यक असते. अनुभवी मार्गदर्शक मधूनमधून काम तपासतात व चुका दाखवितात. वर्गात सहसा न मिळणारे हे शिक्षण होय.

नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (स्था. १९६०) व भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था (स्था. २०१६) यांमुळे विद्यार्थ्यांची, तर मिहान प्रकल्पातील कंपन्यांमुळे अनुभवी तंत्रज्ञांची उपलब्धता आहे. तथापि खरी अडचण मेळाव्यानंतर येते. नमुन्याचे रूपांतर नित्य वापराच्या आज्ञावलीत करण्यासाठी चाचण्या, विदासुरक्षा, सर्व्हरचा खर्च व वारंवार दुरुस्ती लागते. पदवीनंतर संघ पुणे-बंगळूरकडे पांगला की ती करण्यास कोणी उरत नाही. त्यामुळे पारितोषिकापेक्षा पुढील वर्षभराचे साहाय्य अधिक मोलाचे ठरते.