‘फक्त दाखव’ म्हटलं तरी कमांड चालते? समजून घ्या ‘मेक’ची अर्धवट ओळ

कोड बिल्ड करणं, टेस्ट चालवणं, जुन्या फाइल्स डिलीट करणं ही डेव्हलपरची रोजची कामं. ती एका कमांडवर उरकणारं ‘मेक’ हे टूल १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तयार केलं. आजही ते वापरात आहे.

‘-एन’ म्हणजे काय?
‘मेक’ला ‘-एन’ जोडलं की कोणत्या कमांड चालणार ते फक्त दिसतं, प्रत्यक्षात काही होत नाही. म्हणजे रंगीत तालीमच!

मग घोळ कुठे?
ग्नू मेकच्या मॅन पेजवर, म्हणजे टर्मिनलमध्येच उघडणाऱ्या माहितीपानावर, याला ‘काही परिस्थितींचा अपवाद’ आहे इतकंच लिहिलंय. कोणत्या, ते नाही.

उत्तर सविस्तर मॅन्युअलमध्ये सापडतं. ओळीच्या सुरुवातीला ‘+’ असेल किंवा ओळीत ‘$(MAKE)’ असं लिहून ‘मेक’लाच पुन्हा बोलावलं असेल, तर ती खरोखर चालते. कारण तसं केल्याशिवाय आतल्या फोल्डर्समध्ये काय होणार हे दाखवताच येत नाही. पण त्याच ओळीत पुढे फाइल डिलीट करायची कमांड जोडलेली असेल, तर तीही चालते!

उपाय काय?
अपवाद ऑप्शनच्या शेजारीच लिहावा, सोबत दोन ओळींचं उदाहरण द्यावं आणि मॅन्युअलमधल्या नेमक्या प्रकरणाचं नाव सांगावं. घाईत असलेला माणूस एकच ओळ वाचतो. त्याची फाइल वाचवायची तर ती ओळ पूर्ण हवी.