पान लागलं, तर पहिला अर्धा तास गावाच्या हातात

पावसाळा लागला की आपल्या भागात एक बातमी ठरलेली. रातीची लाईट, उसाला दारं धरायला गेलेला गडी, घोट्याजवळ काहीतरी टोचल्यासारखं झालं आणि बॅटरीच्या उजेडात सरसरत गेलेलं जनावर. वस्तीवर निरोप येतो, "पान लागलं." रात्रीच्या वेळी सापाचं नाव घेत नाहीत. मग एकजण सुतळीने पाय करकचून बांधतो, दुसरा ब्लेड शोधतो, तिसरा म्हणतो, "आधी देवळात न्या, तिथं उतरतंय." दवाखान्याकडे गाडी निघते ती दोन तासांनी.

या दोन तासांतच माणूस हातचा जातो. सन २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. आराखडा चांगलाच आहे, पण दिल्लीचा आराखडा रात्री बारा वाजता पाणंदीच्या चिखलातून वस्तीवर पोहोचत नाही. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि निम्मे गाव मळ्यात राहते. तिथे पहिल्या अर्ध्या तासात जे करायचे ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच.

आधी देवळाचे बोलू. देवळात नेलेली माणसे बरी होतात हे खोटे नाही. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी साप चावला तरी दर वेळी विष अंगात जातेच असे नाही. असा माणूस कुठेही नेला तरी बराच होणार, आणि श्रेय देवाला जाते. ज्याच्या अंगात विष गेले आहे त्याला मात्र लसीशिवाय उतार नाही. नारळ फोडायचा तर दवाखान्यातून परत आल्यावर फोडावा, कुणाची हरकत नाही.

जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस आणि फुरसे चावले की आग होते, सूज चढते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. नाग चावला की डोळ्यांच्या पापण्या जड होतात, बोबडी वळते, श्वास अडतो. मण्यार सर्वांत फसवी. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना वेदना, ना सूज, दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस म्हणतो, "पोटात दुखतंय, घसा धरलाय." घरचे ओवा देतात. पावसाळ्यात खाली झोपलेल्या माणसाचे पहाटे असे पोट दुखू लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर ओव्याचा डबा बाजूला ठेवून गाडी काढावी.

करायचे काय? माणसाला आडवे करून धीर द्यावा. तो घाबरला, धावला की विष लवकर पसरते, म्हणून एक पाऊलही चालू देऊ नये. अंगठी, जोडवी, बांगड्या, करदोटा लगेच काढावा, सूज आल्यावर निघत नाही. चावलेल्या पायाला किंवा हाताला मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी लावून सैल बांधावे. आवळपट्टी नको; रक्त थांबून पाय काळा पडतो. कुणी आधीच बांधली असेल तर घरी सोडू नये, डॉक्टरांसमोर सोडावी. जखम कापू नये, चोखू नये, मिरची वा कडुनिंब खायला देऊ नये. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे. श्वास थांबला तर दवाखाना येईपर्यंत तोंडाने श्वास देत राहावे. असे तगलेले रुग्ण लस आणि श्वासाच्या यंत्रावर बरे होतात.

साप मारण्यात वेळ घालवू नये. आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. मेडिकलमधून आणून कंपाउंडरकडून टोचून घेण्याची ती वस्तू नव्हे. सलाईनमधून द्यावी लागते, रिअ‍ॅक्शन आली तर डॉक्टर हवा.

हे सारे शिकायला कॉलेज लागते, असे वाटत असेल तर जामखेडकडे पाहावे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य तिथे आले. त्यांनी गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केले. कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, काही गावकुसाबाहेरच्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, हगवणीच्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजू लागल्या. १९७१ ला त्या गावांत हजारामागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती; विसेक वर्षांत हा आकडा विशीच्या आसपास आला. १९७९ ला आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते पाणी आजही तेच: एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्या बाईला हे माप पाठ होते, तिला फळी बांधणे अवघड नाही. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. पण एकट्या आशाताई किती वस्त्यांवर पोहोचणार?

म्हणून सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगणे आहे. पावसाळ्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारावे: लस किती आहे, रात्री डॉक्टर मुक्कामी असतो का? उत्तर तोंडी नको, आकडा लिहून घ्यावा. गावात रात्री जीप कोण काढील, त्याचे नाव व नंबर १०८ च्या शेजारी पारावर रंगवावा. २०१४ पासून १०८ ची गाडी फुकट येते, पण पाणंदीत ती शिरत नाही. डांबरीपर्यंत रुग्ण न्यायचा कसा हे आधी ठरवावे. मोटारसायकल असेल तर रुग्ण मधे, मागे धरणारा.

एक कटू गोष्टही सांगावी लागते. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. पण घाईने अग्नी दिला, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, आणि मग विधवा बाई तालुका कृषी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवते. पोलीस पाटलांनी त्या रात्री एवढे तरी बघावे.

बाकी दारं धरायला जाताना गमबूट, हातात बॅटरी आणि काठी. काठी मारायला नाही, पुढे आपटत चालायला. घरात खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. मण्यार त्यातून आत येत नाही.