पेशीतल्या लाटांचे गणित

डीएनएला किरणोत्सर्गाने इजा झाली की पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन वाढू लागते. विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ द्यायचा, की पेशीला कायमची निवृत्त करायची अथवा मरू द्यायची, हे बहुतांशी त्याच्यावर ठरते. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत त्याचे जनुक बिघडलेले आढळते, यावरूनच त्याचे मोल कळावे.

पी-५३ला लगाम घालते ते एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन, आणि ते तयार करवते खुद्द पी-५३च. पी-५३ वाढले की एमडीएम-२ वाढते आणि पी-५३चा नाश करते. पी-५३ घटले की एमडीएम-२ही ओसरते. या साखळीची समीकरणे सोडवली, तर पातळीत चढउतार दिसायला हवेत, असे इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २००० साली मांडले. प्रयोगात असंख्य पेशींची मोजणी एकत्र केली, तेव्हा मात्र लाटा लवकरच विरताना दिसल्या.

२००४ साली गालित लहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनांना चमकणारी खूण जोडली आणि स्तनाच्या कर्करोगाची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहिली. लाटा विरत नव्हत्याच! प्रत्येक पेशीचा ताल वेगळा, म्हणून सरासरीत त्या पुसल्या जात होत्या. किरणांची मात्रा वाढवली तरी लाटेची सरासरी उंची तेवढीच राहायची. वाढायची ती लाटांची संख्या.

पण या तालाला काही अर्थ आहे का? हे तपासायचे, तर लाट शिखरावर असतानाच रोखून धरायला हवी. नटलिन-३ हे औषध एमडीएम-२ला पी-५३पासून दूर ठेवते. मात्र पी-५३ टिकले की एमडीएम-२ आणखी तयार होते, त्यामुळे एकाच मात्रेने भागत नाही. म्हणून हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील लहाव यांच्या गटाने आधी संगणकावर आभासी पेशी चालवून पाहिली: औषध कधी द्यायचे, किती द्यायचे? त्या वेळापत्रकाबरहुकूम औषध दिल्यावर पी-५३ची पातळी खरोखरच स्थिर राहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष थक्क करणारा होता. लाटा चालू राहिलेल्या पेशी बऱ्याचदा सावरल्या. पातळी रोखून धरलेल्या पेशींपैकी बऱ्याच विभाजन कायमचे थांबवून बसल्या. केवळ अंदाजाने ही वेळ साधणे फार कठीण होते.

हे सारे प्रयोगशाळेतल्या ताटलीत घडले. रुग्णाच्या गाठीत औषध सगळ्या पेशींपर्यंत एकाच वेळी पोचत नाही. तिथे असे वेळापत्रक आखायचे, तर समीकरणांत रक्तपुरवठ्याचाही हिशेब धरावा लागतो.