वहिवाट आणि वारसा (6) : काकाडूच्या नकाशातील तीन भोके

काकाडू राष्ट्रीय उद्यान ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात, डार्विन शहराच्या पूर्वेला आहे. क्षेत्रफळ जवळजवळ 20,000 चौरस किलोमीटर. पावसाळ्यात तुडुंब भरणाऱ्या पाणथळी, वालुकाश्माचे उभे कडे आणि त्या कड्यांच्या आडोशाला हजारो वर्षे काढली गेलेली शैलचित्रे, हे सगळे एकाच टापूत. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर युनेस्कोने काकाडूला 1981, 1987 आणि 1992 अशा तीन टप्प्यांत जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नकाशात मात्र तीन भोके ठेवलेली होती : रेंजर, जाबिलुका आणि कूंगारा. तिन्ही जागी जमिनीखाली युरेनियम होते, आणि 1979 मध्ये उद्यान जाहीर होण्याआधीच ते सापडलेले होते. उद्यानाची आणि वारशाची हद्द या साठ्यांना वळसा घालून आखली गेली.

रेंजर आणि जाबिलुका ही भूमी मिरार कुळाची. उत्तर प्रदेशातील आदिवासींना जमिनीची मालकी परत मिळवून देणारा कायदा 1976 मध्ये झाला. या जमिनी आदिवासी न्यासांच्या नावे होतात, त्या विकता येत नाहीत, आणि खाणीसाठी परंपरागत मालकांची संमती लागते. रेंजर खाणीपुरता मात्र त्याच कायद्यात अपवाद घालून ठेवला होता. न्यायमूर्ती फॉक्स यांच्या चौकशी आयोगाने मिरारांचा विरोध ऐकला, नोंदवला आणि तो निर्णायक मानू नये असा निष्कर्ष काढला. सातबारा नावावर, पण नांगर दुसऱ्याचा, अशी ही मालकी होती. रेंजरमधून 1981 पासून युरेनियम बाहेर पडू लागले.

जाबिलुकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे कागदावर संमती होती. आदिवासींच्या वतीने नॉर्दर्न लँड कौन्सिलने 1982 मध्ये करार केला आणि 42 वर्षांचा खाणपट्टा दिला गेला. मिरारांचे म्हणणे असे की वर्षानुवर्षांच्या बैठकांनी आणि दडपणाने थकवून ही संमती काढली गेली. कायद्याच्या लेखी त्याने फरक पडला नाही. खाणपट्टा 1991 मध्ये रेंजर चालवणाऱ्या एनर्जी रिसोर्सेस ऑफ ऑस्ट्रेलिया या कंपनीकडे गेला, तेव्हा जुनी संमतीही त्याच्याबरोबर गेली. मजूर पक्षाच्या सरकारांनी नव्या युरेनियम खाणींना आडकाठी ठेवली होती. 1996 मध्ये जॉन हॉवर्ड सत्तेवर आले आणि ती निघाली.

1998 मध्ये खाणीचा बोगदा खोदण्याची तयारी सुरू होताच मिरारांनी देशभरातून माणसे बोलावली. आठ महिने चाललेल्या नाकेबंदीत सुमारे 5,000 लोक येऊन गेले. मिरारांच्या ज्येष्ठ मालक इव्हॉन मार्गारुला यांना खाणपट्ट्यात विनापरवाना शिरल्याबद्दल अटक झाली आणि न्यायालयाने दोषीही ठरवले. ती जमीन त्यांच्याच कुळाची होती. युनेस्कोच्या पाहणी पथकाने काकाडूच्या वारशाला धोका असल्याचे सांगितले. पण ऑस्ट्रेलियाने जोरदार मोर्चेबांधणी केली आणि जुलै 1999 मध्ये पॅरिसच्या बैठकीत काकाडू ‘धोक्यातील वारसा’ यादीत जाण्यापासून वाचले. सरकारने हा आपला विजय मानला. मात्र त्यासाठी रेंजर आणि जाबिलुका एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालणार नाहीत, असा शब्द त्याला द्यावा लागला.

कंपनीची खरी कोंडी मात्र एका करारातल्या छोट्या तरतुदीने झाली. जाबिलुकाचे खनिज रेंजरच्या कारखान्यात न्यायचे तर मिरारांची परवानगी हवी होती, आणि ती त्यांनी दिली नाही. दुसरा कारखाना उभारणे महाग. त्यात युरेनियमचे भाव पडलेले. 2000 मध्ये कंपनीचे नियंत्रण रिओ टिंटो या खाणकंपनीकडे गेले, 2003 मध्ये बाहेर काढलेले खनिज बोगद्यात परत भरले गेले, आणि 2005 च्या करारात मिरारांच्या संमतीशिवाय खाण सुरू न करण्याचे कंपनीने मान्य केले. जे 1976 च्या कायद्याने द्यायला हवे होते ते असे खासगी करारातून मिळाले.

कूंगाराचा प्रश्न त्या मानाने सरळ सुटला. जोक कुळाचे जेफ्री ली यांनी खाणीच्या पैशाला ठाम नकार दिला. 2011 मध्ये ती भूमी जागतिक वारशात आणि 2013 मध्ये उद्यानात आली.

जाबिलुकाच्या खाणपट्ट्यातच माजेडबेबे हा शैलाश्रय आहे. तिथला मानवी वावर सुमारे 65,000 वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातो, असे संशोधकांनी 2017 मध्ये मांडले. म्हणजे काकाडूच्या वारशाचा सर्वांत जुना पुरावा वारशाच्या हद्दीबाहेर ठेवलेल्या तुकड्यात निघाला. यावरून ती हद्द कशाकडे पाहून आखली होती ते कळते.

जुलै 2024 मध्ये खाणपट्ट्याचे नूतनीकरण नाकारले गेले. जाबिलुका उद्यानात समाविष्ट करण्याची घोषणा पंतप्रधान अँथनी अल्बानीझी यांनी केली. कंपनी न्यायालयात गेली. रेंजरमधले उत्पादन जानेवारी 2021 मध्येच थांबले होते. ती जागा काकाडूत सामावून घेता येईल इतपत पूर्ववत करण्याचे बंधन कंपनीवर आहे, आणि त्या अटींनुसार युरेनियम काढून उरलेला गाळ किमान 10,000 वर्षे पर्यावरणापासून वेगळा राहिला पाहिजे.